कंदिलाची काच : ईदच्या रंगवलेल्या बाटलीमागचा इतिहास

रमजानचा दुसरा अशरा संपत आला की गेली काही वर्षं आमच्या मोहल्ल्यात एक नवं काम सुरू होतं. सरबताच्या, व्हिनेगरच्या, मधाच्या आणि भंगारवाल्याकडून आणलेल्या कसल्या कसल्या रिकाम्या बाटल्या गरम पाण्यात भिजत पडतात. लेबलं सुटतात, उरलेला डिंक सोडा आणि तेल लावून खरवडला जातो, काच कोरडी केली जाते. मग मुली त्यांच्यावर रंग चढवतात. आधी स्पंजने निळ्या किंवा हिरव्या रंगाचा पातळ हात, तो वाळल्यावर सोनेरी रंगात चंद्र, तारे, वेलबुट्टी आणि कुणाचा हात चांगला असेल तर 'ईद मुबारक'. आत बारीक दिव्यांची माळ सोडली की बाटलीचा कंदील होतो. काही जणी तो घरात ठेवतात, काही नातेवाइकांना देतात, काही चार पैसे मिळवतात.

या कामाबद्दल दोन आक्षेप मी वारंवार ऐकले आहेत. पहिला असा की ही नक्कल आहे. ख्रिसमसची सजावट, दिवाळीची रोषणाई बघून आपली पोरंही तेच करू लागली. ईदला नमाज, फितरा आणि शीरखुर्मा पुरेसा आहे, ही थेरं कशाला? दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. भंगारात येणाऱ्या चांगल्या जाड काचेच्या बाटल्या बहुतेक दारूच्या असतात. ती बाटली धुऊन, रंगवून ईदच्या दिवशी दिवाणखान्यात ठेवायची? पाहुण्यांसमोर? वर अल्लाहचं नाव लिहून?

मी मुफ्ती नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण हे दोन्ही प्रश्न इतिहासात अनेकदा येऊन गेले आहेत आणि त्यांची उत्तरं काचेवरच लिहिलेली सापडतात. ती काच अजून संग्रहालयांत आहे, समुद्राच्या तळातून वर आली आहे. तिच्याबद्दल आपल्याकडे मराठीत फारसं बोललं जात नाही, म्हणून हा लेख.

आकाशकंदिलातला 'कंदील' कुणाचा?

सुरुवात शब्दापासून करू. दिवाळीत घरोघरी लागतो तो आकाशकंदील. 'आकाश' संस्कृत, आणि 'कंदील' अरबी 'किन्दील'वरून फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. अरबीत मशिदीच्या छतातून साखळीने लोंबणाऱ्या काचेच्या तेलदिव्याला हाच शब्द आहे. तुर्कस्तानात तर तो थेट सणाचं नाव झाला. मौलूद, रगाइब, मेराज, बरात आणि कद्र या पाच रात्रींना तिथे 'कंदील'च्या रात्री म्हणतात, कारण त्या रात्री मशिदींचे मिनार दिव्यांनी उजळायची उस्मानी काळापासूनची रीत आहे.

पण अरबी 'किन्दील' तरी मूळचा अरबांचा कुठे आहे? त्याचा माग लॅटिन 'कॅन्डेला'पर्यंत जातो, ज्यातून इंग्रजीचा 'कँडल' आला. जुन्या मराठीतला 'फाणस' हा शब्द बघा. तो फारसी-अरबी 'फानूस', आणि त्याच्याही मागे ग्रीक 'फानोस'. म्हणजे रोमन आणि ग्रीक लोकांचा दिवा अरबांनी घेतला, अरबांचा इराण्यांनी, त्यांच्याकडून तो दख्खनमध्ये आला आणि इथल्या लोकांनी त्याला 'आकाश' जोडून आपल्या सर्वांत मोठ्या सणाच्या दारात टांगला. यात कुणी कुणाची नक्कल केली हे ठरवायला बसलो तर पहाट होईल. सणाचा दिवा कधी एका घरचा नव्हताच. त्यामुळे 'आपली मुलगी दिवाळी बघून कंदील करते' असं म्हणणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की दिवाळीने तो शब्द आपल्या मशिदीच्या भाषेतून घेतला आहे, आणि त्यात कुणाचं काही कमी झालं नाही.

काचेवर रंग चढवणारे हात

काचेवर रंगवणं हे तर आणखी जुनं. कैरोच्या इस्लामी कला संग्रहालयात फुस्तात या जुन्या शहराच्या उत्खननात मिळालेला एक काचेचा पेला आहे. त्यावर इजिप्तचा अब्बासी सुभेदार अब्दुस्समद इब्न अली याचं नाव आहे. हा गृहस्थ इ.स. ७७३ मध्ये जेमतेम महिनाभर सुभेदार होता. सुभेदारी संपली, पेला उरला आणि त्या एका महिन्यामुळे आज आपल्याला पेल्याचं वय सांगता येतं. चांदी आणि तांब्याचे क्षार काचेवर ब्रशने लावायचे आणि कमी हवेच्या भट्टीत भाजायचे. क्षार काचेच्या अंगात उतरतात आणि पिवळसर, तपकिरी, धातूसारखी चमक येते. मातीच्या भांड्यांवर पुढे गाजलेली ही चमकदार रंगाची कला आधी काचेवर बसवली गेली, असं अभ्यासक मानतात.

यानंतर पाचेकशे वर्षांनी सीरिया आणि इजिप्तमध्ये काचेवरची मीनाकारी शिखरावर पोहोचली. मामलूक सुलतानांच्या काळातले मशिदीचे दिवे हे तिचं सर्वांत देखणं रूप. आकार साधारण फुलदाणीसारखा : वर पसरत गेलेली रुंद मान, खाली फुगीर पोट, तळाला बैठक आणि खांद्यावर साखळी अडकवायला काचेचेच छोटे कान. आत वेगळ्या लहान भांड्यात तेल आणि वात. बाहेरून सोनं आणि निळा, लाल, हिरवा, पांढरा मीना. मानेवर बहुधा सूरह नूरची ती प्रसिद्ध आयत, जिच्यात दिवा, त्याभोवतीची काच आणि जैतूनचं तेल यांचा दृष्टांत आहे. पोटावर दिवा देणाऱ्या सुलतानाचं किंवा सरदाराचं नाव. वात पेटली की अक्षरं आतून उजळत. मजकूर प्रकाशाबद्दल, आणि तो वाचायचाही प्रकाशातूनच.

कैरोत सुलतान हसनच्या मशीद-मदरशाचं बांधकाम १३५६ मध्ये सुरू झालं. त्या इमारतीसाठी बनलेल्या दिव्यांपैकी बरेच आज कैरोच्या संग्रहालयात आहेत, काही जगभर पांगले आहेत.

हे काम कसं होत असे? रंगीत काच कुटून तिची पूड करायची, ती चिकट माध्यमात कालवायची आणि ब्रशने किंवा बोरूने तयार दिव्यावर नक्षी काढायची. मग दिवा पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरायचा. पूड वितळून चिकटली पाहिजे, पण खालचा दिवा वाकता कामा नये. त्या दोन तापमानांमधल्या अरुंद फटीत कारागिराचं सगळं कसब असे. आमच्या मुलींचा ॲक्रिलिक रंग थंड असतो, तो काचेवर बसतो पण तिच्यात मिसळत नाही. जोरात घासला की सुटतो. फरक मोठा आहे, तो लपवायचं कारण नाही. पण पारदर्शक काच घ्यावी, तिच्यावर रंगाने लिहावं, आत उजेड ठेवावा आणि तो उजेड लिहिलेल्याला वाचून दाखवील असं बघावं, ही कल्पना तीच आहे.

फुटक्या काचेचं जहाज

आता भंगाराकडे वळू. रिकामी बाटली वापरणं म्हणजे गरिबी दाखवणं, अशी एक भावना असते. सणाला नवी वस्तू आणावी, कचऱ्यातली नव्हे. काचेच्या धंद्याला ही भावना कधीच परवडली नाही.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, ऱ्होड्स बेटाच्या समोर, सेर्चे लिमानी नावाची एक लहान खाडी आहे. तिथे स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना तळाशी काच दिसली. १९७७ ते १९७९ या काळात जॉर्ज बास यांच्या नेतृत्वाखाली तिथे पाण्याखाली उत्खनन झालं. अकराव्या शतकातलं एक व्यापारी जहाज तिथे बुडालं होतं. जहाजावर फातिमी खिलाफतीची काचेची वजनं सापडली, नाणी तोलायला वापरायची. त्यांच्यावरच्या खुणांवरून जहाज १०२५च्या सुमारास बुडालं असं ठरवता आलं.

जहाजात जवळपास तीन टन काच होती, आणि तिच्यातली बहुतेक आधीच फुटलेली. जहाज बुडताना ती फुटली नव्हती. ती फुटकीच भरली होती. ओबडधोबड कच्च्या काचेचे तुकडे, आणि त्यांच्यासोबत मोडलेले पेले, बाटल्या, सुरया, दिवे, कारखान्यातला टाकाऊ माल. म्हणजे हे भंगाराचं जहाज होतं. फातिमी राज्याच्या किनाऱ्यावरची मोडकी काच बिझंटाइन मुलखातल्या भट्ट्यांकडे निघाली होती. तळातून वर आलेल्या तुकड्यांची संख्या पाच ते दहा लाखांच्या दरम्यान धरली जाते. अभ्यासकांनी वर्षानुवर्षं बसून ते आकार, रंग, जाडीप्रमाणे वेगळे केले आणि शेकडो भांडी पुन्हा जुळवली. आज ती बोद्रुमच्या पाण्याखालील पुरातत्त्व संग्रहालयात मांडलेली आहेत.

फुटक्या काचेला एवढी किंमत का? त्याचं कारण भट्टीत आहे. नवी काच करायला वाळू लागते, सोडा लागतो, चुना लागतो. सीरियात सोडा खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या राखेतून काढत. त्या राखेला अरबीत 'अल-किली' म्हणत, रसायनशास्त्रातला 'अल्कली' तिथूनच आला. या कच्च्या मालाची काच व्हायला फार मोठी उष्णता लागते, म्हणजे फार लाकूड लागतं. जुनी काच आधीच काच झालेली असते, ती कमी आचेवर वितळते आणि नव्या मिश्रणालाही लवकर वितळवते. आजच्या कारखान्यांतही हाच हिशोब आहे. मिश्रणात दर १० टक्के जुनी काच वाढवली की भट्टीची ऊर्जा साधारण २.५ ते ३ टक्क्यांनी वाचते. शिवाय काच कितीही वेळा वितळवली तरी ती काचच राहते. कागदासारखी झिजत नाही, प्लास्टिकसारखी बिघडत नाही.

म्हणूनच राजे लोकसुद्धा फुटक्या काचेवर जकात लावत. १२७७ मध्ये त्रिपोलीचा (आजच्या लेबनॉनमधलं) अधिपती बोहेमंड सातवा आणि व्हेनिसचा प्रमुख जाकोपो कॉन्तारिनी यांच्यात करार झाला. त्यात व्हेनिसचे व्यापारी त्रिपोलीहून जी फुटकी काच नेतील तिच्यावरच्या कराचा उल्लेख आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरचं भंगार व्हेनिसच्या भट्टीत जात होतं.

याचा पुढचा अध्याय वाचला की गंमत वाटते. पंधराव्या शतकात सीरिया-इजिप्तमधली मीनाकारी ओसरली. १४००-०१ मध्ये तैमूरने दमास्कस लुटलं, तिथले कारागीर समरकंदला नेले. व्यापाराच्या वाटा बदलल्या, आणि व्हेनिसच्या मुरानो बेटावरची काच पुढे गेली. १५६९ मध्ये उस्मानी साम्राज्याचा वजीर सोकोल्लू मेहमेद पाशाने मशिदींसाठी तब्बल ९०० दिव्यांची मागणी नोंदवली, ती व्हेनिसला. इस्तंबूलमधल्या व्हेनिसच्या राजदूताने दिव्यांचे नमुने काढून पाठवले. म्हणजे ज्या दिव्यांच्या प्रकाशात उस्मानी मुसलमान तरावीह पढणार होते, ते दिवे एका ख्रिस्ती शहरातल्या ख्रिस्ती कारागिरांनी फुंकले होते. त्या काळच्या दरबाराला त्यात काही अडचण वाटली नाही. दिवा मशिदीत टांगला की तो मशिदीचा.

दारूच्या बाटलीचं काय?

आता तो टोचणारा प्रश्न. मशिदीचा दिवा ख्रिस्ती हातांनी बनला इथवर ठीक, पण ज्या भांड्यात प्रत्यक्ष दारू होती त्याचं काय?

हा प्रश्न खुद्द पैगंबरांना (स.) विचारला गेला होता. अबू सअलबा अल-खुशनी नावाच्या सहाबींची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ते अहले-किताबांच्या शेजारात राहत. त्यांच्या भांड्यांतून खावं का, असं त्यांनी विचारलं. अबू दाऊदच्या संग्रहात तर हे लोक त्या भांड्यांतून दारू पितात असा स्पष्ट उल्लेख आहे. उत्तराचा आशय असा : दुसरी भांडी मिळत असतील तर ती वापरा, नसतील तर ती धुऊन घ्या आणि त्यांत खा-प्या.

याहून बोलकी आहे अब्दुल कैस टोळीची हकिकत. ती मंडळी मदिनेत आली तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना दारूबरोबरच चार प्रकारची भांडीही मना केली : वाळलेला भोपळा, लाखी मडकं, खजुरीचं पोखरलेलं खोड आणि डांबर फासलेलं भांडं. या भांड्यांत खजुराचं पाणी लवकर आंबत असे. पण पुढे, सहीह मुस्लिममधल्या बुरैदांच्या हदीसप्रमाणे, ही बंदी उठवली गेली. कोणतंही भांडं वापरा, नशा आणणारं मात्र पिऊ नका, असा तिचा आशय. दारूची सवय ताजी होती तोवर भांड्यांवरही बंदी, आणि सवय सुटल्यावर भांडी पुन्हा मोकळी. दोष पेयात होता, पात्रात नव्हता.

हनफी फिकहमध्ये आणखी एक बारकावा आहे. आरसा, तलवार अशा गुळगुळीत, न शोषणाऱ्या वस्तूंवर नापाकी लागली तर ती पुसून काढली तरी वस्तू पाक होते, कारण आत काही मुरलेलं नसतं. मग बाटली तर आपण गरम पाण्यात भिजवून, सोड्याने घासून, तीनतीनदा धुतो.

आणि इतिहासातला दाखला हवा असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला अमीर कौसूनचा दिवा बघावा. कौसून हा मामलूक सुलतान नासिर मुहम्मदचा बडा सरदार, पण त्याचं मूळ पद 'साकी', म्हणजे दरबारात पेय देणारा. मामलूक सरदार आपल्या पदाचं चिन्ह ढालीसारख्या वर्तुळात मिरवत. साकीचं चिन्ह पेला. कौसूनच्या दिव्यावर वर कुरआनचे शब्द आहेत आणि त्याच दिव्यावर लाल रंगात पेल्याचं चिन्ह रंगवलं आहे. चौदाव्या शतकातल्या कैरोने तो दिवा दिला आणि घेतला.

एवढं सांगूनही ज्याचं मन मानत नसेल त्याच्याशी मी वाद घालणार नाही. अल्लाहचं नाव कुठे लिहावं याबाबत मन जपणं ही चांगलीच गोष्ट आहे. त्याने रूहअफ्जाची नाहीतर व्हिनेगरची बाटली घ्यावी, किंवा दारूच्या बाटलीवर आयत न लिहिता नुसती वेलबुट्टी काढावी. माझं म्हणणं एवढंच की जी मुलगी ती बाटली धुऊन रंगवते तिला 'नापाक' शब्दाने झापू नये. तो शब्द जड आहे. आपल्या बुजुर्गांनी तो इतक्या सहज वापरला नाही.

आपल्याकडची बाटली, कैरोचा फानूस

हे सगळं दूरच्या मुलखातलं झालं. पण रंगवलेली बाटली आपल्या शेजारीही होती. अठराव्या शतकातल्या चौकोनी काचेच्या बाटल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसारख्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्या अंगावर मीना आणि सोन्याने फुलझाडं आणि नटलेल्या स्त्रिया रंगवलेल्या आहेत. हे काम पश्चिम भारतातलं, बहुधा गुजरातमधलं मानलं जातं. या चौकोनी बाटल्यांचा आकार युरोपीय व्यापाऱ्यांच्या बाटल्यांचा : लाकडी पेटीत कप्प्यांत नीट बसाव्यात आणि जहाजात फुटू नयेत म्हणून चौकोनी. काहींची कोरी काचसुद्धा युरोपातून आली असावी असं अभ्यासकांना वाटतं. डच-इंग्रजांनी ज्या आकारात दारू आणली, त्याच आकारावर हिंदुस्थानी चिताऱ्याने बाग फुलवली. आमच्या मोहल्ल्यातलं काम याहून वेगळं काय आहे?

काच करणारे हातही आपलेच होते. गुजरातमधलं कपडवंज काचकामासाठी नावाजलेलं होतं. उत्तरेत फिरोजाबादच्या बांगड्यांमागे शीशगर ही मुसलमान कारागीर जमात आहे, आणि जुनी काच वितळवून बांगडी करणं तिथे पिढ्यानपिढ्या चालत आलं. मराठीत 'शिशी' म्हणतो तेव्हा आपण याच 'शीशा'चं नाव घेत असतो. आपल्या महाराष्ट्रात काचेला स्वदेशीचा स्पर्श झाला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला, कऱ्हाडजवळ ओगलेवाडी वसली आणि तिथला 'प्रभाकर' कंदील खेडोपाडी पोहोचला. तो ओसरीवर लागला, देवळात लागला, मशिदीतही लागला. कंदिलाची काच पुसायचं काम संध्याकाळी घरातल्या मुलींकडे असे, हे ज्यांनी ऐकलं-पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

सणासाठी काच रंगवण्याची जिवंत परंपरा बघायची तर मात्र पुन्हा कैरोलाच जावं लागतं. रमजानचा फानूस हा तिथल्या महिन्याचा चेहराच आहे. लोककथा अशी की फातिमी खलीफा मुइज्ज हिजरी ३६२ च्या (इ.स. ९७३) रमजानमध्ये कैरोत आला तेव्हा लोक दिवे घेऊन स्वागताला बाहेर पडले. कथा खरी-खोटी काहीही असो, फानूस मात्र खरा आहे. आणि तो कशापासून बनतो? टाकाऊ डब्यांच्या पत्र्यापासून आणि रंगीत काचेच्या कापलेल्या तुकड्यांपासून. पत्र्याला घड्या घालायच्या, डाग द्यायचा, काचांवर नक्षी रंगवायची, आत पूर्वी मेणबत्ती, आता बल्ब. जुन्या कैरोच्या गल्ल्यांमध्ये रमजानच्या कितीतरी महिने आधी हे काम सुरू होतं. मध्यंतरी चिनी प्लास्टिकच्या गाणाऱ्या फानूसांनी या कारागिरांचं कंबरडं मोडलं. अखेर २०१५ मध्ये इजिप्त सरकारने लोककलेच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली, तिच्यात फानूसही होता. पॅलेस्टाइनमधल्या अल-खलील, म्हणजे हेब्रॉन शहराची फुंकलेली काचही शतकांची आहे. पूर्वी ती वाळूपासून होई. आज तिथले कारागीर मुख्यतः रिकाम्या बाटल्याच वितळवतात.

म्हणजे नक्कल म्हणायचीच असेल तर ती दुकानातल्या प्लास्टिकच्या चंद्र-ताऱ्याला म्हणावी. भंगारातली काच उचलून, तिच्यावर हाताने रंग चढवून, तिच्यात उजेड ठेवणारी मुलगी आपल्याच वाटेने चालली आहे.

नाव कुणाचं?

शेवटी एक गोष्ट, जी हे सगळं वाचताना मला सतत खटकत राहिली. मामलूक दिव्यांवर सुलतानाचं नाव वितभर अक्षरांत असतं. त्याच्या पदव्या, त्याच्यासाठी दुआ, त्याचं चिन्ह, सगळं असतं. ज्याने ते लिहिलं, भट्टीपुढे उभं राहून भाजलं, त्याचं नाव जवळजवळ कधीच नसतं. कौसूनचा दिवा याला अपवाद. त्यावर अली इब्न मुहम्मद अशी कारागिराची सही आहे. त्याच्या नावाचा शेवटचा भाग कसा वाचावा याबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही. सातशे वर्षांच्या त्या वैभवातून कारागिराची म्हणून हाती लागते ती अशी एखादी अर्धवट वाचता येणारी सही.

सेर्चे लिमानीचे तुकडे ज्यांनी गोळा करून जहाजात भरले, त्यांचंही नाव नाही. आज मुंबईत धारावीच्या तेरा कंपाऊंडमध्ये जे हात दिवसभर भंगार निवडतात, त्यांनाही कुणी नावाने ओळखत नाही. त्यांच्यातले कितीतरी आपल्याच समाजातले आहेत. पाच रुपयांची रिकामी बाटली रंगवून सजावटीची वस्तू होते तेव्हा आपण रंगवणारीचं कौतुक करतो, कधी तेही करत नाही. बाटली निवडून, न फोडता बाजूला ठेवणाऱ्याचा तर विचारही मनात येत नाही.

काच फार फुटते हे खरं, पण ती जुळवणारेही असतात. २४ जानेवारी २०१४ रोजी कैरोत पोलीस मुख्यालयाला लक्ष्य करून बॉम्बस्फोट झाला. समोरच इस्लामी कला संग्रहालय होतं. काचेच्या कितीतरी वस्तू फुटल्या, मशिदीचे दिवेही. तैमूरच्या स्वारीतून, उस्मानी सत्तांतरातून, सहाशे वर्षांच्या धुळीतून वाचलेली काच एका सकाळी जमिनीवर पडली. संग्रहालयातल्या लोकांनी तुकडे वेचले, वेगळे केले, जोडले. २०१७ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा जोडलेल्या वस्तू पुन्हा मांडल्या होत्या. ती जोडणाऱ्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत.

म्हणून मोहल्ल्यातल्या मुलींना माझं एकच सांगणं आहे. बाटली नीट धुवा. रंग दोन पातळ हातांत द्या, एका जाड हातात नको, नाहीतर उजेड मरतो. बंद बाटलीत मेणबत्ती लावू नका, बारीक दिव्यांची माळच सोडा. आणि सगळं वाळल्यावर बाटली उलटी करून तळाशी बारीक ब्रशने आपलं नाव लिहा, खाली हिजरी सन लिहा. विकायची असेल तरी लिहा. दुकानदार नको म्हणाला तरी लिहा. वरती कुणाचं नाव असावं हे गिऱ्हाईक ठरवील, तळ तुमचा आहे.